जादा चार मिनिटं

सगळ्यात आधी माफी मागतो. इथे लिहिणारी माणसं अनुभवी असतात, त्यांची भाषेवर पकड असते. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहून झाल्यावर 'बघा, जमलंय का' असं घरात कुणाला विचारायची सोय नाही. काही चुकलं, कुठे लांबलं तर सांभाळून घ्या. आणि जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या. हे मी खरंच सांगतोय.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या गावाच्या तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथे, अमावस्येला उतारा टाकलेला असतो. मी आठवीत असताना त्यातला नारळ उचलून आणला आणि शाळेमागे फोडून पोरांना वाटून खाल्ला. कुणाला साधी सर्दी झाली नाही. आईनं मात्र दोन दिवस माझ्याकडे न बघता वाढलं. सांगायचा मुद्दा हा, की मी घाबरणारा नाही. आणि खाली जे सांगतोय त्याची मला भीती वाटलीही नाही. किळस वाटली. अजून वाटते... पण आता ती कुणाची, ते शेवटी कळेल.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका ठिकाणी कामाला लागलो. खाली कोचिंग क्लास, वर आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर आणि खिडकीतला एक एसी. काम ऐकून गावात सगळे हसले होते. इंग्लंडमधल्या एका टीव्ही चॅनेलचा अख्खा दिवस रेकॉर्ड होऊन आमच्याकडे यायचा, आणि तो बघून आम्ही कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात उतरवायचा. कार्यक्रम किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला, जाहिराती कधी लागल्या, कुठे शिवी, दारू, रक्त असलं तर ते, आणि दोन ओळींत काय दाखवलं. हे कुणाला कशासाठी हवं असायचं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

एक दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री बारा, अठरा तास. तो दोन दिवसांत संपवायचा. आबा, म्हणजे माझे वडील, गावात सांगत सुटले होते, "पोरगं इंग्रजी टीव्ही बघतंय आन् त्येचा पगार घेतंय. आमी बघितला तर त्येची आई शिव्या घालती."

कामाचे नियम दोनच. मंदार सरांनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, पहिल्याच दिवशी सांगितले होते. एक, जे दिसलं ते लिहायचं, वेळापत्रकात काय छापलंय ते बघायचं नाही. दोन, दिवसाची बेरीज अठरा तास भरली पाहिजे. सेकंद कमी नको, जास्त नको. बेरीज चुकली तर लाल शेरा, आणि तीन लाल शेरे म्हणजे घरी. माझे दोन झाले होते.

आता आबांबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव शहरापासून तेरा-चौदा किलोमीटरवर. चार म्हशी आहेत. आबा वीस-बावीस वर्षं कोल्हापुरात दुधाचा रतीब घालतात. मी सातवीपासून त्यांच्या गाडीवर मागे किटल्या धरून बसत आलो. अजूनही पहाटेचा अर्धा रतीब मीच घालतो आणि मग अंघोळ करून बाहेर पडतो. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा अकरावीत दप्तरावर दूध सांडलं, उन्हानं आंबलं, आणि बाकावरचा पोरगा नाक धरून दुसरीकडे जाऊन बसला. तेव्हापासून मी घरातून निघताना आधी हाताचा वास घेतो. शर्टाचाही घेतो.

आबांचा रतीबाचा एक नियम आहे. गिऱ्हाईक रात्री भांडं कट्ट्यावर ठेवतं, वर झाकण, झाकणावर दगड. पहिल्या दिवशी भांडं दिसलं नाही तर हाक मारायची. दुसऱ्या दिवशीही दिसलं नाही, किंवा कालचं दूध तसंच असलं, तर कडी वाजवायची, आणि आतल्या माणसाचं तोंड दिसल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पुढच्या वीस घरांना उशीर झाला तरी चालेल. असंच एकदा त्यांनी एका रिटायर बाईंच्या दारावर एवढा आरडाओरडा केला की गल्ली जमली. दार तोडलं. बाई न्हाणीत पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलेलं. त्या आजही आमच्या गिऱ्हाईक आहेत. आबांना बाहेर उभं ठेवत नाहीत, आत बोलावून चहा देतात... आमच्याच दुधाचा.

तर तो दिवस. सोमवारी मी फाईल उघडली, आदल्या दिवसाची म्हणजे रविवारची. पडद्याच्या कोपऱ्यात तास-मिनिट-सेकंदांचे आकडे पळत असतात, त्यावरून आम्ही वेळ लिहितो. पहिले तीन तास दोघं सोफ्यावर बसून गप्पा मारत होते. मध्येच एक बाई कुत्र्यांसाठी केक करायला शिकवून गेली. मी लिहीत होतो.

सव्वानऊला गप्पांचा कार्यक्रम संपला. संगीत वाजलं. आणि पुढचा कार्यक्रम लागायच्या जागी एक स्वयंपाकघर आलं.

ना नाव, ना कुणी बोलणारं. अरुंद खोली, टेबलावर प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, त्यावर कप आणि दुधाची काचेची बाटली. बाटली बघून मी जरा पुढे सरकलो, कारण तिकडे अजून कुठे कुठे दारात दूध टाकतात असं ऐकलं होतं. टेबलाशी एक म्हातारा पाठमोरा बसलेला. विटकरी स्वेटर, मानेवर पांढरे केस वाढलेले. भिंतीवर एका मटणाच्या दुकानाचं कॅलेंडर, दुकानाच्या नावाखाली गावाचं नाव, दोन शब्दांचं, मला सरळ वाचता आलं. आणि पलीकडच्या खोलीतून टीव्हीचा आवाज. आत्ताच माझ्या कानात वाजलेलं तेच संगीत, पण भिंतीआडून.

मला वाटलं जाहिरात असेल. शेवटी चहाचं नाव येईल. नाव आलं नाही, पुढचा कार्यक्रम सुरू झाला. मी वेळ लिहायला कोपऱ्यात बघितलं तर आकडे नऊ पंधरावरच उभे होते, आणि तिथूनच पुढे पळायला लागले. म्हणजे तेवढा वेळ ते थांबले होते. मी अंदाजानं पंचेचाळीस सेकंद लिहिले आणि शेजारी लिहिलं: 'स्वयंपाकघर. म्हातारा बसला आहे. टीव्ही चालू.' कॅलेंडरवरचं गावाचं नावही लिहिलं. जे दिसलं ते लिहायचं.

पुढचा कार्यक्रम घर विकत घेणाऱ्या नवरा-बायकोचा. त्यांना पाच घरं दाखवतात, ते प्रत्येकाला नावं ठेवतात. अकराला तो संपला आणि पुन्हा तेच स्वयंपाकघर.

खुर्ची आडवी झाली होती. टेबलाच्या पायामागून एक पाय दिसत होता, मोज्यातला, मोज्याला अंगठ्याजवळ भोक. आणि ठक... ठक... ठक... असा आवाज. चमच्यानं टेबलाच्या पायावर वाजवल्यासारखा. बाटली होती तिथेच, दूध वरून पिवळट झालेलं. या खेपेला मी मोबाईलवर वेळ लावली.

मी शेजारच्या स्नेहलला खुणावलं. स्नेहल कोल्हापूरचीच, बोलायला तिखट, आणि इथल्या पोरींसारखी स्वतःबद्दलही 'आलो, गेलो' म्हणणारी. तिनं हेडफोन काढेपर्यंत जुन्या वस्तूंच्या लिलावाचा कार्यक्रम सुरू झाला होता.

"काय रे? चिनी मातीचं कुत्रं दाखवाय हाक मारलास व्हय मला?"

मी मागे जाऊन परत लावलं. घर घेणारे नवरा-बायको हात हलवतात, आणि थेट लिलाव. मधलं काही नाही. मला वाटलं मी चुकीच्या जागी आलो. तीनदा बघितलं.

"चष्मा लागलाय तुला," ती म्हणाली आणि वळली.

एक वाजता स्वयंपाकाची स्पर्धा लागली. तिथला परीक्षक एक घास तोंडात घेतो, चावतो आणि कागदी रुमालात थुंकतो. पाच जणांच्या ताटातलं चाखलं, त्यातलं तीन थुंकला. आमच्या घरी दुधाचा थेंब भुईवर सांडला तर आई तो बोटानं टिपून डोळ्यांना लावते. माझा डबा समोर होता, तो मी बंद केला.

आणि त्यानंतर स्वयंपाकघर, तिसऱ्यांदा. बाटलीतलं दूध फाटलं होतं. खाली पाणी, वर गोळा. ठकठक चालू, पण मध्ये अंतर पडत होतं. तेव्हा मला वास आला.

दूध नासल्याचा वास मला कुणी शिकवायला नको. ताज्या फाटलेल्या दुधाचा आंबट असतो, तो मला चालतो. हा तो नव्हता. झाकणबंद किटली उन्हात चार-पाच दिवस राहिली की उघडताना जो येतो, तो. घशात जाऊन बसणारा. मी डबा हुंगला, शर्ट हुंगला, हात हुंगले. नव्हता. हेडफोन काढला तर कमी झाला. घातला की आला. मला माहीत आहे हे वाचून हसू येईल, पण झालं असं.

दुपारी अडीचला घर साफ करायचा कार्यक्रम. कुणाच्या तरी घरात वर्षानुवर्षं कचरा साठलेला, आणि हातमोजे घातलेल्या दोन बायका येऊन तो उपसतात. फ्रिज उघडतात, आत वळवळतंय, की लगेच मजेचं संगीत वाजतं आणि दोघी 'ईऽऽ' करून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. घराची मालकीण कोपऱ्यात मान खाली घालून उभी. भर दुपारी, लोकांच्या जेवणाच्या वेळेला हे दाखवतात. मला त्या फ्रिजपेक्षा त्या दोघींच्या हसण्याची शिसारी आली.

तो संपल्यावर चौथ्यांदा. मला क्षणभर वाटलं त्याच कार्यक्रमाचा भाग आहे, आता त्या हातमोजेवाल्या आत येतील. कुणी आलं नाही. या वेळी कॅमेरा खाली होता, फरशीवर. म्हाताऱ्याचा गाल फरशीला टेकलेला, ओठाच्या कोपऱ्याशी काहीतरी वाळलेलं, त्यावर माशी. तोंडाजवळची फरशी ओली. हातात चमचा. डोळा उघडा होता आणि तो माझ्याकडे बघत होता. टीव्हीतली माणसं कॅमेऱ्याकडे कशी बघतात, ते मला महिनाभरात चांगलं ओळखू यायला लागलं होतं. हा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. दारातून कुणी डोकावलं तर आपण जसं बघतो, तसं.

मी पुढे ढकलायचं बटण दाबलं. चाललं नाही. मग मी काय केलं ते सरळ सांगतो. नाकाला रुमाल लावला आणि तोंड फिरवलं. खिडकीतून समोर झेरॉक्सचं दुकान दिसत होतं, ते बघत बसलो. ठक ऐकू आलं. बऱ्याच वेळानं आणखी एक ठक. मग जाहिरात लागली.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आबा धार काढत होते. मी बादली धरून उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हंजे माणूस पडलाय म्हंतोस."

"व्हय."

"दूध तसंच हाय, आत घिऊन कुणी पेलं न्हाय."

"नासलंय, आबा."

"मग हाक मारलीस का न्हाय?"

मला हसूच आलं. "टीव्हीतल्या माणसाला कशी हाक मारू?"

"मला काय ठावं? शिकलायस तू. गावाचं नाव वाचलास म्हणालास नव्हं?"

"वाचलं."

"मग निम्मं काम झालंय की लेका! मला गल्लीचं नाव धड वाचाय येत न्हाय, तरी बोंबलून माणूस बाहीर काढतो." म्हशीनं शेपूट मारली, त्यांनी तिला एक शिवी घातली आणि मग माझ्याकडे बघितलं. "आन् नाटक असलं तर असूदे. नाटकातल्या माणसाला हाक मारली तर लोक हसतील. हसूदेत. खरा असला तर?"

आई दारातून म्हणाली, "इंग्लंडला हाक मारा म्हणं बापलेक. हितं गॅस संपलाय त्येला हाक मारा आधी."

पण त्यांचं बोलणं डोक्यातून जाईना. मंगळवारी सकाळी बसमध्ये मी त्या गावाचं नाव मोबाईलवर शोधलं. गाव खरंच होतं. तिथल्या पोलिसांचं पान निघालं, त्यात तक्रार लिहायचा फॉर्म होता. मी इंग्रजीत लिहिलं, एक म्हातारा माणूस स्वयंपाकघरात पडला आहे, जिवंत आहे, कृपया बघा. चार वाक्यं, पण तीनदा खोडून लिहिली, कारण क्रियापदं चुकतील अशी धास्ती. कॅलेंडरवरच्या दुकानाचं नाव लिहिलं. पुढे एक रकाना होता, 'तुम्हाला हे कसं कळलं?' तिथे माझं बोट थांबलं. काय लिहू? टीव्हीवर बघितलं? जे दुसऱ्यांदा लावलं तर दिसत नाही ते? राजारामपुरीचा स्टॉप आला. मी फॉर्म तसाच उघडा ठेवून मोबाईल खिशात घातला. ठरवलं, ऑफिसात कुणाला तरी दाखवून मगच पाठवायचा.

त्या दिवशी उरलेले तास बघितले. संध्याकाळच्या सहाच्या बातम्यांआधी पाचव्यांदा आलं. बाटलीतलं दूध आता दूध राहिलं नव्हतं. हिरवी-करडी लव आली होती, आणि बाटलीच्या तोंडावरून पांढरे बारीक किडे एकामागे एक खाली उतरत होते, टेबलक्लॉथवरून कडेला जात होते आणि खाली पडत होते. ज्या बाजूला पडत होते तिकडे कॅमेरा गेला नाही. ठकठक नव्हती. टीव्हीचा आवाज मात्र होता, पलीकडच्या खोलीत बातम्यांचं संगीत वाजायला लागलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन ओकलो.

बेरीज केली. अठरा तास चार मिनिटं.

मंदार सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. स्नेहलही आली. मी पाचही जागा लावून दाखवल्या, टेबल, बाटली, कॅलेंडर सगळं सांगितलं. पाचही जागी काही नव्हतं. एक कार्यक्रम संपतो, दुसरा लागतो. आकडे नीट पळतात.

"चार मिनिटं कुठनं आणलीस, पावणं?" सर म्हणाले. मी गावाकडचा म्हणून ते मला पावणं म्हणायचे. रागानं नाही. "इंग्लंडवाल्यांनी दिवसाला अठरा तासच दिलेत. आपल्याकडनं भर कशाला?"

"सर, मी बघितलंय. तुम्हीच सांगितलंत, जे दिसलं ते लिहायचं. गावाचं नावसुद्धा आहे. मला वाटतं आपण कुणाला तरी कळवायला..."

मी मोबाईल काढला होता. फॉर्म दाखवायला. तेवढ्यात स्नेहलनं नाक मुरडलं.

"थांबा हो सर. तुम्हाला वास येत न्हाय? कायतरी नासलंय बघा." ती खाली वाकली, माझ्या बॅगेजवळ. "कालपण आलता मला. काय आणलायस रे डब्यात?"

सरांनीही हुंगलं. मग हसले. "पावणं, दूध घालून आलास काय?"

त्यांनी सहज म्हटलं असणार. त्यांना काही माहीत नव्हतं, कोल्हापुरात कुणीही कुणालाही असं म्हणतं. पण पुढच्या कॉम्प्युटरवरची दोघं वळून बघायला लागली आणि एकानं खुर्ची मागे सरकवली. मला तो अकरावीतला बाक दिसला. कान तापले. खरं तर त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं, की तुम्हालापण वास येतोय ना! म्हणजे खरं आहे ना! मी एकटा नव्हतो, वास तिघांना आला होता. एवढा मोठा पुरावा समोर होता. पण माझ्या डोक्यात एकच होतं, वास माझा नाही हे कसं पटवू.

"डब्यातली कढी नासली असेल," मी म्हणालो.

"मग टाक की बाहेर नेऊन. शी!" स्नेहल म्हणाली.

मी डबा घेऊन जिना उतरलो. डब्यात मेथीची भाजी आणि भाकरी होती, चांगली. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात ती टाकली. आईनं पहाटे केलेली. वर आलो, पाच ओळी निवडल्या आणि पुसल्या. गावाचं नावही त्यात गेलं. बेरीज अठरा तास झाली. सर म्हणाले, "आता कसं!" आणि लाल शेरा दिला नाही. मोबाईल उघडला तेव्हा फॉर्मची मुदत संपून गेली होती, पान कोरं झालं होतं. परत भरता आला असता. भरला नाही. परत तेच आठवायचं, तेच लिहायचं, ती माशी, ते किडे... नको वाटलं.

आबांनी दोन-तीनदा विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" मी सांगितलं, नाटक होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि विश्वास ठेवला.

पुढच्या महिन्यात मी काम सोडलं, परीक्षेचं निमित्त सांगून. त्यानंतर मी बराच शोध घेतला. रेकॉर्डिंग जुन्यावर नवं उमटल्यासारखं झालं असेल का, हे कॉम्प्युटरवाल्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, आजच्या फाईलींत असं होत नाही, आणि झालं तरी दुसऱ्या वेळी लावल्यावर दिसायला हवं. उन्हाचा त्रास, उपाशीपोटी काम, हेही धरून बघितलं. पण मग गावाचं नाव? ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं आणि ते नकाशावर आहे. आणि स्नेहलला आलेला वास? मी बुवा-बाबाकडे गेलो नाही, जाणारही नाही. मला फक्त माहीत नाही. आजही माहीत नाही. इथे कुणाला असं काही झालं असेल तर जरूर सांगा, पण 'भास असेल' असं सांगू नका. भास असता तर फार बरं झालं असतं.

हे लिहायला घेतलं त्याला कारण गेल्या आठवड्यातला फोन. आम्ही रतीब घालत होतो. आबा पुढच्या घरात माप ओतत होते आणि मी गाडीपाशी. स्नेहलचा फोन सकाळी सातला कधी येत नाही. ती अजून तिथेच कामाला आहे.

"तू ते किचन म्हणत होतास नव्हं?" ती एकदम म्हणाली. "टेबल, बाटली... मटणाच्या दुकानाचं कॅलेंडर?"

"व्हय. का?"

"काल मी संध्याकाळच्या बातम्या लिहीत होतो. तेच चॅनेल. एका घरात म्हातारा सापडलाय. मरून लई दिवस झाल्यात. लेकीकडे गेला असंल म्हणून कुणी बघितलंच न्हाय. पोलिसांनी दार तोडलं तेव्हा आत टीव्ही चालूच होता म्हणे. त्यांनी किचन दाखवलं रे. मी दोनदा मागे नेऊन बघितलो, या वेळी दिसतंय. आन् त्या गावाचं नाव दोन शब्दांचं हाय. थांब, वाचून दाखवतो."

तिनं वाचलं. तेच होतं.

"कधी गेला?" मी विचारलं. मला वाटत होतं, ती सांगेल की त्या रविवारच्या आधीच. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी मी तेवढंच मागितलं.

"नक्की सांगत न्हाईत. पण उन्हाळ्यात, तुझ्या फाईलीतला तोच रविवार सांगितला बघ, त्या दिवशी सकाळी दारातली दुधाची बाटली आत घेताना शेजारणीनं बघितलावता त्याला. तेच शेवटचं." स्नेहलचा आवाज बारीक झाला होता. एरवी ती तशी बोलत नाही. "तिचीच मुलाखत होती. रडत होती बाई. त्यानंतर चार-पाच दिवस भिंतीतनं ठकठक ऐकू येत होतं म्हणाली."

"मग?"

"मग काय. तिला वाटलं, टीव्ही चालू आहे."